वायरलेस कीबोर्ड घेताय? वजन-किंमत नंतर, आधी उजव्या हाताची शेवटची बटणं बघा

बीड : तालुक्याच्या बाजारपेठेत मोबाईलच्या दुकानांत आता चार्जर, कव्हर आणि इयरफोनच्या जोडीला छोटे वायरलेस कीबोर्डही टांगलेले दिसतात. पिशवीत मावणारे, वजनाला हलके आणि दिसायला छान. टायपिंगचा सराव करणारी मुलं-मुली, सेवा केंद्र चालवणारे, शाळेचे अहवाल मोबाईलवर लिहिणारे गुरुजी, दूध संकलन केंद्रावर नोंदी ठेवणारे असे सगळेच त्याची चौकशी करतात.

अडचण अशी आहे की बहुतेक जण वजन आणि किंमत या दोनच गोष्टी विचारतात. घरी नेल्यावर कळतं की ‘ट’ सापडत नाही, ‘कृ’ उमटत नाही, किंवा मोबाईलला जोडला तर इंग्रजी येतं आणि मराठी येत नाही. तोवर डबा फोडलेला असतो आणि दुकानदार परत घेत नाही. खुरपणीच्या तीन-चार दिवसांच्या मजुरीएवढा पैसा अडकतो. टायपिंगच्या परीक्षेला बसणाऱ्याचं नुकसान तर त्याहून मोठं, कारण चुकीच्या कीबोर्डवर बोटांना लागलेली सवय परीक्षेच्या दिवशी मोडता येत नाही.

म्हणून कीबोर्ड घेण्याआधी काय पाहावं, याची ही माहिती.

आधी काम ठरवा

एकच कीबोर्ड सगळ्यांना चालत नाही. घेणाऱ्यांचे साधारण तीन गट पडतात.

पहिला गट परीक्षेचा सराव करणाऱ्यांचा. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद, पुणे यांच्यामार्फत संगणक टायपिंगची जीसीसी-टीबीसी परीक्षा होते. त्यात ३० आणि ४० शब्द प्रतिमिनिट असे वेग आहेत. शासनाच्या लिपिक-टंकलेखक पदाला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्दांचा वेग मागितला जातो. ऊसतोडीला गेलेल्या आईवडिलांच्या मागे घर सांभाळून तालुक्याला क्लास करणाऱ्या मुलीला दिवसाला तासभर मशीन मिळतं. एसटी चुकली की तेवढाही सराव बुडतो. घरी कीबोर्ड असावा असं तिला वाटणं रास्तच आहे. पण परीक्षा केंद्रावर समोर येतो तो टेबलावरचा पूर्ण आकाराचा कीबोर्ड. त्यामुळे घरचाही त्याच मापाचा पाहिजे.

दुसरा गट नोंदी करणाऱ्यांचा. सेवा केंद्र, सोसायटी, दूध संकलन केंद्र, कृषी सेवा केंद्र इथे अक्षरांपेक्षा आकडे जास्त पडतात. आधारचे १२ आकडे, मोबाईलचे १० आकडे, गट नंबर, खाते नंबर. दिवसाला शंभर माणसांची कामं करायची तर उजवीकडे आकड्यांचा वेगळा पॅड असलेलाच कीबोर्ड लागतो. वरच्या ओळीतले आकडे दाबत बसलं की वेळही जातो आणि चूकही होते. आधारचा एक आकडा चुकला तर त्या शेतकऱ्याला पुन्हा चक्कर मारावी लागते.

तिसरा गट मोबाईल किंवा टॅबवर लिहिणाऱ्यांचा. अर्ज, बातम्या, अहवाल, ग्रामसभेचे टिपण असं लिखाण त्यांना जागेवर बसून करायचं असतं. छोटा, हलका कीबोर्ड खरा या गटासाठी आहे. बाकी दोन गटांनी त्याच्या मोहात पडू नये.

मराठी अडकते ती उजव्या बाजूला

छोटा कीबोर्ड छोटा कसा होतो? बटणं कापून. आधी आकड्यांचा पॅड जातो. त्यानंतर उजव्या कडेची बटणं अरुंद होतात, जागा बदलतात किंवा ‘एफएन’ बटणाबरोबर दाबायला लागतात. इंग्रजी लिहिणाऱ्याला त्याचं फारसं काही वाटत नाही, कारण त्या जागी अर्धविराम, कंस, तिरपी रेघ अशी क्वचित लागणारी चिन्हं असतात. मराठीची अक्षरं मात्र नेमकी तिथेच बसलेली आहेत.

संगणकावर सर्रास चालणाऱ्या इनस्क्रिप्ट लेआऊटमध्ये स्वर आणि काना-मात्रा डाव्या हाताला, तर व्यंजनं उजव्या हाताला येतात. उजव्या कडेचा हिशेब असा :

- इंग्रजी एलच्या लगेच उजवीकडे ‘च’. त्याच्या पुढच्या, एंटरला लागून असलेल्या बटणावर ‘ट’. शिफ्टबरोबर दाबलं की अनुक्रमे ‘छ’ आणि ‘ठ’.
- इंग्रजी पीच्या उजवीकडे ‘ड’, शिफ्टबरोबर ‘ढ’.
- त्याच ओळीच्या शेवटी, उलट्या तिरप्या रेघेच्या बटणावर ‘डॉक्टर’मधला अर्धचंद्र-काना.
- खालच्या ओळीत, पूर्णविरामाच्या उजवीकडे ‘य’.
- वरच्या आकड्यांच्या ओळीत, बरोबरच्या चिन्हावर ‘कृषी’मधला ‘कृ’ करणारी खूण. शिफ्टबरोबर ‘ऋ’.

आता मराठीचं कोणतंही वाक्य घ्या. चा, ची, चे, च्या यांच्याशिवाय ते पुढे सरकत नाही. एकट्या ‘च्या’मध्येच ‘च’ आणि ‘य’ ही कडेची दोन बटणं येतात. ‘ट’चं बटण निम्म्या रुंदीचं असेल तर बोट एंटरवर पडतं आणि वाक्य मधेच तुटतं. ‘य’च्या जागी वर जाण्याचा बाण बसवलेला असेल तर कर्सर वरच्या ओळीत उडी मारतो. असे छोटे कीबोर्ड बाजारात आहेत, आणि इंग्रजीत टाईप करून पाहिलं तर हा दोष लक्षात येत नाही.

टाईपरायटरवरून आलेला रेमिंग्टन लेआऊट वापरणाऱ्यांनी तर आणखी जपावं. त्यात जवळपास प्रत्येक बटणावर अक्षर किंवा जोडाक्षराचा तुकडा आहे, त्यामुळे एकही बटण कमी झालेलं चालत नाही. आपल्या क्लासमध्ये आणि परीक्षेच्या सूचनेत कोणता लेआऊट दिला आहे, ते कीबोर्ड घेण्याआधी विचारून घ्यावं. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिणाऱ्यांना, म्हणजे ‘के-ए’ दाबून ‘का’ उमटवणाऱ्यांना, ही अडचण येत नाही. त्यांना छोटा कीबोर्ड चालतो.

घडीचे कीबोर्ड दिसायला आकर्षक, पण दोन घड्यांच्या कीबोर्डला मधोमध बिजागरी असते. इंग्रजी वाय आणि बी ही बटणं मधल्या फटीजवळ येतात. इनस्क्रिप्टमध्ये तिथे ‘ब’ आणि ‘व’ आहेत. न बघता टाईप करणाऱ्याचं बोट तिथे हमखास चुकतं.

डोंगल की ब्लूटूथ?

वायरलेस म्हटलं तरी त्यात दोन प्रकार आहेत.

डोंगलवाल्या कीबोर्डसोबत नखाएवढा रिसीव्हर मिळतो. तो यूएसबीत खोचला की काम सुरू, दुसरं काही करावं लागत नाही. जुन्या डेस्कटॉपला हाच सोयीचा, कारण अशा अनेक मशीनमध्ये ब्लूटूथच नसतं. तोटा एकच, पण मोठा : डोंगल हरवलं की बहुतेक स्वस्त कीबोर्ड निकामी होतात. काही मोठ्या कंपन्यांचे रिसीव्हर सुटे मिळतात आणि पुन्हा जोडता येतात. घेताना तेवढं विचारावं. कीबोर्डच्या पाठीमागे किंवा सेलच्या खणात डोंगल ठेवायला जागा असेल तर उत्तम.

ब्लूटूथ कीबोर्डला डोंगल नसतं. मोबाईल, टॅब आणि नवा लॅपटॉप यांना तो थेट जोडता येतो. काही कीबोर्ड तीन साधनांना जोडून ठेवता येतात आणि एक बटण दाबलं की मोबाईलवरून लॅपटॉपवर येतात. तोटा असा की विंडोज पूर्ण सुरू होईपर्यंत तो बहुधा चालत नाही. मशीन चालू होतानाच पासवर्ड मागणाऱ्या किंवा वारंवार दुरुस्तीला लागणाऱ्या जुन्या संगणकावर त्याचा उपयोग कमी.

डोंगल आणि ब्लूटूथ दोन्ही असलेले कीबोर्डही मिळतात. घरात जुनं मशीन आणि हातात मोबाईल असेल तर शंभर-दोनशे जास्त देऊन तसा घेणं परवडतं.

डोंगलवाला कीबोर्ड अक्षरं गाळत असेल तर लगेच परत न्यायची घाई करू नये. हे डोंगल बहुधा २.४ गिगाहर्ट्झवर चालतात आणि वायफायही तिथेच चालतो. शेजारच्या निळ्या यूएसबी खाचेत हार्ड डिस्क किंवा पेन ड्राईव्ह असेल तरी अडथळा येतो. डोंगल दुसऱ्या बाजूच्या काळ्या खाचेत लावून पाहावं. पुष्कळदा तेवढ्यावर भागतं.

सेवा केंद्र चालवणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. बॅस्टिल या अमेरिकी सुरक्षा कंपनीने २०१६ मध्ये दाखवून दिलं होतं की, काही स्वस्त डोंगलवाल्या कीबोर्डमधून दाबलेली अक्षरं उघडीच हवेतून जातात आणि दूर बसलेला माणूस ती पकडू शकतो. केंद्रावर लोकांचे आधार क्रमांक, पासवर्ड, ओटीपी टाईप होतात. तिथे डब्यावर एन्क्रिप्शनचा, शक्यतो ‘एईएस १२८ बिट’चा उल्लेख असलेलाच कीबोर्ड घ्यावा. नाहीतर साधा वायरचा घ्यावा, त्यात हा प्रश्नच येत नाही.

सेलचा की चार्जिंगचा?

सेलवर चालणाऱ्या कीबोर्डला पेन्सिल सेल किंवा त्याहून बारीक सेल लागतात. ते गावातल्या किराणा दुकानातही मिळतात, आणि एकदा घातले की महिनोन् महिने चालतात. वीज नसली तरी काम अडत नाही.

चार्जिंगच्या कीबोर्डला सेलचा खर्च नाही आणि तो पातळ व हलका होतो. पण आतली बॅटरी काही वर्षांनी दम टाकते आणि स्वस्त कीबोर्डमध्ये ती बदलून मिळणं अवघड जातं. घ्यायचाच तर मोबाईलच्याच चार्जरने चार्ज होणारा, म्हणजे टाईप-सी खाचेचा घ्यावा. जुन्या पद्धतीची बारीक खाच लवकर ढिली होते. बंद-चालूचं बटण असलं पाहिजे. ते नसेल तर पिशवीत बटणं दाबली जाऊन बॅटरी संपते.

वीज रात्री-बेरात्री येणाऱ्या गावांत सेलचा कीबोर्ड बरा पडतो. सेल वापरात नसताना काढून ठेवावेत. गळालेल्या सेलने आतली पट्टी गंजते.

हलका म्हणजे किती हलका?

अंदाजासाठी दोन ओळखीची उदाहरणं. लॉजिटेकचा के३८० हा छोटा ब्लूटूथ कीबोर्ड सेलसकट सुमारे ४२३ ग्रॅमचा आहे. त्याच कंपनीच्या के४८० ला वरच्या बाजूला मोबाईल किंवा टॅब उभा करायची खाच आहे, पण वजन सुमारे ८२० ग्रॅम, म्हणजे जवळपास दुप्पट. दोन्ही तीन साधनांना जोडता येतात आणि दोन्हींना आकड्यांचा पॅड नाही. घडीचे कीबोर्ड याहूनही हलके असतात.

फार हलका कीबोर्ड टाईप करताना सरकतो आणि मधे दाबल्यावर वाकतो. रोज पिशवीत न्यायचा असेल तर ४०० ते ५०० ग्रॅमचा कीबोर्ड सोयीचा. घरच्या टेबलावरच राहणार असेल तर वजनाचा विचारच करू नये. तिथे जड असलेलाच बरा, जागचा हलत नाही.

वजनापेक्षा बटणांमधलं अंतर जास्त महत्त्वाचं. पूर्ण आकाराच्या कीबोर्डवर एका बटणाच्या मध्यापासून शेजारच्या बटणाच्या मध्यापर्यंत साधारण १९ मिलिमीटर अंतर असतं. दुकानात शाळेच्या पट्टीने मोजता येतं : ए या बटणाच्या मध्यापासून एलच्या मध्यापर्यंत आठ अंतरं, म्हणजे सुमारे १५ सेंटिमीटर भरलं पाहिजे. ते १३-१४ भरलं तर कीबोर्ड परीक्षेच्या सरावाला उपयोगाचा नाही.

किंमत किती मोजावी?

दर दुकानागणिक आणि सणासुदीला बदलतात. तरी ढोबळमानाने अंदाज असा :

- वायरचा पूर्ण आकाराचा कीबोर्ड : ४०० ते ७०० रुपये.
- डोंगलवाला पूर्ण आकाराचा कीबोर्ड, सोबत माऊस : १,००० ते १,८०० रुपये.
- छोटा ब्लूटूथ कीबोर्ड, साध्या कंपनीचा : ८०० ते १,५०० रुपये.
- छोटा ब्लूटूथ कीबोर्ड, नावाजलेल्या कंपनीचा : २,५०० ते ३,५०० रुपये.

नुसता सराव करायचा असेल तर पहिल्या ओळीतला वायरचा कीबोर्ड सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात योग्य. लॅपटॉपची चार-दोन बटणं गेली असतील तरी हाच बाहेरून जोडून काम भागतं, दुरुस्तीचा खर्च वाचतो. वायरलेस पाहिजेच, असं मानून चालू नये. टेबल, खुर्ची आणि मशीन एकाच जागी असेल तर वायर कुणाला आडवी येत नाही.

मोबाईलला जोडणार असाल तर

ब्लूटूथ कीबोर्ड मोबाईलच्या ब्लूटूथ सेटिंगमधून जोडायचा. डोंगलवाला किंवा वायरचा कीबोर्ड ओटीजी लावून जोडता येतो, पण मोबाईलला ओटीजी चालतं का ते आधी पाहावं. जोडल्यानंतर भाषेच्या सेटिंगमध्ये ‘फिजिकल कीबोर्ड’ असा भाग असतो, तिथे लेआऊट निवडावा लागतो.

पुष्कळांची फसगत इथेच होते. मोबाईलच्या पडद्यावरच्या कीबोर्डवर मराठी येते, म्हणून बाहेरून जोडलेल्या कीबोर्डवरही ती येईलच असं नाही. ते मोबाईलच्या अँड्रॉईडवर आणि त्यातल्या कीबोर्ड अ‍ॅपवर अवलंबून असतं. ‘घरी गेल्यावर येईल’ या शब्दावर पैसे देऊ नयेत. आपल्याच मोबाईलला जोडून, दुकानातच मराठी ओळ उमटवून पाहावी.

डब्यावर काय वाचायचं?

वायरलेस कीबोर्डला भारतीय मानक ब्यूरोची, म्हणजे बीआयएसची नोंदणी सक्तीची आहे. डब्यावर किंवा कीबोर्डच्या पाठीवर बीआयएसचं चिन्ह आणि इंग्रजी आरपासून सुरू होणारा आठ आकडी नोंदणी क्रमांक असतो. ‘बीआयएस केअर’ या अ‍ॅपमध्ये तो टाकला की नोंदणी खरी आहे का आणि कोणाच्या नावावर आहे ते दिसतं.

त्याशिवाय डब्यावर एमआरपी, बनवणाऱ्याचं किंवा आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, आयात माल असेल तर तो कोणत्या देशातला, आणि तक्रारीसाठी संपर्क एवढं छापलेलं असलंच पाहिजे. नुसत्या प्लास्टिकच्या पिशवीतला, नाव-गाव नसलेला कीबोर्ड कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. बिघडला तर विचारायचं कोणाला, हेच कळत नाही.

एमआरपीत सगळे कर धरलेले असतात. तिच्यावर वेगळा जीएसटी लावून मागितला तर तो देऊ नये. पक्कं बिल घ्यावं, त्यावर तारीख आणि मॉडेल लिहून घ्यावं. वॉरंटी बिलावरच मिळते. ऑनलाईन मागवताना ‘परत घेणार’ आणि ‘फक्त बदलून देणार’ यातला फरक वाचावा, आणि डबा फोडताना मोबाईलवर व्हिडिओ काढून ठेवावा. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा १९१५ हा क्रमांक आहे.

दुकानातली पाच मिनिटांची तपासणी

१. पट्टीने ए ते एल अंतर मोजा.

२. एंटरच्या शेजारची बटणं आणि उजवीकडचं शिफ्ट बघा. अरुंद आहेत का? मधेच बाण घुसलाय का?

३. मराठी लावून हे शब्द टाईप करा : कृषी, डॉक्टर, चटणी, ठिबक, ढोबळी, यंत्राच्या. सगळे एफएन न दाबता आले तर मराठीसाठी कीबोर्ड चालेल.

४. स्पेस बटण डाव्या टोकाला, मधे आणि उजव्या टोकाला दाबा. स्वस्त कीबोर्डमध्ये एका टोकाला ते अडकतं.

५. कीबोर्ड सपाट फळीवर ठेवून मधे बोटाने दाबा. वाकला किंवा डुगडुगला तर दुसरा मागा.

६. सेलचं झाकण दोनदा उघडून-लावून बघा. पहिल्यांदा तुटतं ते तेच.

७. डोंगल डब्यात आहे ना, ते पैसे देण्याआधी बघा.

देवनागरी अक्षरं छापलेले कीबोर्ड वायरच्या प्रकारात जास्त मिळतात, वायरलेसमध्ये कमी. त्यासाठी अडून बसायचं कारण नाही. अक्षरांचे स्टिकर मिळतात. आणि परीक्षेची तयारी करणाऱ्याने बटणाकडे न बघता टाईप करायचं असतं, त्यामुळे त्याला तेही लागू नयेत.

निगा

गावाकडे कीबोर्डचा मोठा वैरी धूळ. मळणीच्या दिवसांत तो उघडा ठेवू नये, वर जुना रुमाल टाकावा. आठवड्यातून एकदा उपडा करून हलक्या हाताने झटकावा आणि रंगाच्या मऊ ब्रशने फटी साफ कराव्यात. चहा सांडला तर लगेच सेल काढावेत, चार्जिंगचा असेल तर बंद करावा, उपडा ठेवून पूर्ण वाळू द्यावा. वाळवायला उन्हात किंवा चुलीजवळ ठेवू नये. उन्हाळ्यात चार्जिंगचा कीबोर्ड गाडीच्या डिकीत ठेवणं टाळावं. उष्णतेने बॅटरी लवकर जाते.

थोडक्यात

परीक्षा असेल तर पूर्ण आकाराचा, वायरचा असला तरी चालेल. नोंदींचं काम असेल तर आकड्यांच्या पॅडचा. मोबाईलवर लिहायचं असेल तर ४०० ते ५०० ग्रॅमचा ब्लूटूथ. आणि तिघांनीही पैसे देण्याआधी आपल्या भाषेतला एक शब्द टाईप करून बघायचा. ‘यंत्राच्या’ नीट उमटलं तर मग किमतीची घासाघीस करायला हरकत नाही.